सीओईपी हुकलं, तालुक्याचं कॉलेज मिळालं. आता पुढं?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे दुसऱ्या कुणाला वाचायचं झालं तर संदर्भ लागेल. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीला ९६.४ पर्सेंटाइल. दोन वर्षं डोक्यात एकच, पुण्याच्या सीओईपी या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातलं कॉम्प्युटर. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, सगळ्या फेऱ्या संपल्या आणि हातात आलं ते घरापासून बेचाळीस किलोमीटरवरच्या एका खासगी कॉलेजातलं ईअँडटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. घरातून इंजिनिअर होणारा तू पहिलाच. विचारलंयस की ड्रॉप घेऊ का, नाही घेतला तर इथून काही होतं का, बाबा चार दिवस कुणाशी धड बोलत नाहीत त्यांना काय सांगू, आणि रोज अप-डाऊन करू की हॉस्टेल घेऊ.

मी तुझ्यासारखीच मुलं येतात अशा एका कॉलेजात तेवीस वर्षं ईअँडटीसी शिकवते. त्यातली नऊ वर्षं टीपीओचं, म्हणजे मुलांच्या नोकऱ्यांसाठी कंपन्या गाठायचं, कामही माझ्याच गळ्यात आहे. आणि मी स्वतः १९९६ ची बारावी. तेव्हा सीईटी नव्हती, पीसीएमच्या (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) बेरजेवर नंबर लागायचा. माझे तीनशेपैकी २७१ होते. ते पुरले नाहीत. त्यामुळं यातलं काही पुस्तकातून सांगत नाहीये.

ड्रॉपचं आधी संपवू. पर्सेंटाइल हा फसवा आकडा आहे, ९६.४ आणि ९९.८ कागदावर शेजारी वाटतात. पीसीएमला चार लाख मुलं बसली असं धर, तर एक पर्सेंटाइल म्हणजे चार हजार मुलं. तुझ्यापुढं साधारण चौदा हजार आहेत. सीओईपीच्या कॉम्प्युटरच्या ओपनच्या जागा हजार-दीड हजाराच्या आतच संपतात. म्हणजे वर्षभरात तुला बारा-तेरा हजार मुलांना मागं टाकायचंय, आणि पुढच्या वर्षी ताजी बारावी देऊन येणारी पोरं वेगळीच. ज्याचे मॉकमधले आकडे सहा महिने सलग ९९ च्या वर होते आणि परीक्षेच्या दिवशी तापानं फणफणला होता, त्याला मी ड्रॉप घे म्हणेन. तुझे मॉकचे आकडे तुझ्याकडं आहेत. ते उघडून बघ, आणि स्वतःशी खोटं बोलू नकोस. कॉलेजला नाव घालून आतल्या आत पुन्हा सीईटीची तयारी करणारेही दरवर्षी तीन-चार भेटतात. तेलही जातं, तूपही जातं. डिसेंबरात एम-वन (पहिल्या सेमिस्टरचं गणित) राहिलेला असतो आणि उन्हाळ्यात सीईटीही तेवढ्यावरच येते.

आता खरा प्रश्न: इथून काही होतं का?

लोक तुला सांगतील, कॉलेजनं काही फरक पडत नाही रे, पोरगा हुशार पाहिजे. हे पूर्ण खरं नाही. अमेरिकेतल्या स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या दोन अर्थशास्त्रज्ञांचा २००२ सालचा एक निबंध या विषयात फार गाजला. १९७६ साली कॉलेजात गेलेल्या मुलांची पुढची कमाई त्यांनी तपासली. नावाजलेल्या कॉलेजातली मुलं जास्त कमावत होती, ते तर दिसणारच. पण सारख्याच कॉलेजांना अर्ज केलेली आणि सारख्याच कॉलेजांनी प्रवेश देऊ केलेली मुलं एकमेकांशी ताडून पाहिली, तेव्हा तो फरक जवळजवळ उरला नाही. वरचं कॉलेज सोडून साध्या कॉलेजात गेलेलीही तितकंच कमावत होती. हा निबंध सांगणारे इथंच थांबतात. पण त्यात अपवादही नोंदवलेला आहे: गरीब घरातल्या मुलांना वरच्या कॉलेजाचा फायदा झाला. पुढच्या अभ्यासात, ज्यांचे आईवडील फारसे शिकलेले नव्हते, त्यांच्या बाबतीतही तेच दिसलं.

अमेरिका वेगळी, काळ वेगळा, मान्य. पण तो अपवाद वाचताना मला आमचीच पोरं दिसली. डॉक्टर-इंजिनिअरच्या घरातल्या मुलाला कॉलेजनं दिलं नाही ते काका देतो, मामेभाऊ देतो. तुझ्या घरात तसा काका नाही. म्हणून तुला मी "काही बिघडलं नाही" असं म्हणणार नाही. बिघडलंय, पण नेमकं काय ते समजून घे, कारण तू ज्याचं दुःख करतोयस ते बहुतेक दुसरंच काहीतरी आहे.

शिकवण्याचं दुःख करू नकोस. फुरिए ट्रान्सफॉर्म शिवाजीनगरला वेगळा आणि आमच्या माळावर वेगळा, असं नसतं. आमच्याकडं काही मास्तर फळ्यावर नोट्स उतरवून देतात आणि निघून जातात, हे मी आमच्या स्टाफरूममध्ये बसूनच लिहितेय. पण त्याची भरपाई सगळ्यात सोपी. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएस्सीनं मिळून २००३ पासून चालवलेलं एनपीटेल, म्हणजे ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ, फुकट आहे. जानेवारी आणि जुलैत नवे कोर्स सुरू होतात. दर आठवड्याची असाइनमेंट असते, शेवटी सेंटरवर जाऊन परीक्षा द्यायची, फी फक्त त्या परीक्षेची. पंचवीस टक्के असाइनमेंटला, पंच्याहत्तर परीक्षेला. एका सेमिस्टरला एकच घे. चार-चार कोर्सला नाव घालून एकही पूर्ण न केलेली मुलं मला पैशाला पासरी भेटतात.

मोठ्या कॉलेजात खरं काय मिळतं तर शेजारी बसणारी मुलं. तुझ्यापेक्षा हुशार चौघं एकाच टेबलावर. दुसरं, सीनियर. १८५४ साली सुरू झालेल्या कॉलेजाचे माजी विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्यांचे असतात, आमचं कॉलेज अजून तिशीत नाही. आणि तिसरं, कॅम्पसला चालत येणाऱ्या कंपन्या. तिथं या तिन्ही गोष्टी न मागता ताटात पडतात. इथं प्रत्येक मागून घ्यावी लागते, आणि मागायची लाज वाटण्यातच आमच्या पोरांची दोन वर्षं जातात.

त्याच्याही आधी एक जातं. पहिलं सेमिस्टर. हे मी दरवर्षी बघते, अगदी ठरल्यासारखं. ऑगस्टमध्ये वर्गात पाच-सहा मुलं अशी असतात जी मनानं आलेलीच नसतात. मागच्या बाकावर, मोबाइलमध्ये तोंड. ओळख करून देताना म्हणतात, "खरं तर माझं व्हीजेटीआय होणार होतं." एकानं हे वाक्य मला चौथ्या वर्षाच्या ओरललाही ऐकवलं होतं. त्याचा एम-वन पहिल्या सेमिस्टरला राहिला, मग एम-टू, आणि दोन्ही विषय मानेवर घेऊन तो थर्ड इयरपर्यंत आला. पोरगा मठ्ठ नव्हता. सीईटीला गणितात पन्नासपैकी चाळीस प्रश्न बरोबर सोडवलेला मुलगा मॅट्रिक्समध्ये नापास होतो, याचं कारण डोक्यात नसतं, रुसव्यात असतं.

मार्कांचं म्हणशील तर ते भरून निघतात. पहिल्या सेमिस्टरला दहापैकी साडेपाचचा पॉइंटर आणि पुढं पाच सेमिस्टर साडेआठचा असला, तर कंपन्या यायच्या वेळी सरासरी आठावर येते. भरून निघत नाही ते टेबल. प्रॅक्टिकलला कोण कुणाजवळ बसतो हे सप्टेंबरपर्यंत ठरून जातं आणि मग चार वर्षं हलत नाही. रुसलेला मुलगा रुसलेल्यांच्याच टेबलावर सापडतो. आमच्याकडं साठ जणांच्या वर्गात मनापासून काम करणारी सात-आठ मुलं असतातच, प्रत्येक वर्षी असतात. ती पहिल्या महिन्यात शोध. ओळखायची खूण सांगते: जर्नल कुणाचं आधी पूर्ण झालं ते बघू नकोस, सर्किट चालल्यावरही कोण टेबल सोडत नाही ते बघ.

अशीच एक होती, जतकडची. बरीच वर्षं झाली. तिचंही तुझ्यासारखंच, मोठ्या कॉलेजाचं स्वप्न आणि ईअँडटीसी पदरात. सेकंड इयरला आरसी कपल्ड अ‍ॅम्प्लिफायरचं प्रॅक्टिकल होतं. वीस जणांची बॅच, पाच टेबलं, चालू सीआरओ (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) तीन. तिच्या टेबलावर गेन (सिग्नल किती पट वाढला ते) यायला हवा होता पन्नासच्या आसपास, सीआरओवर दिसत होता पाच. बाकीच्यांनी शेजारच्या टेबलावरून रीडिंग उतरवून घेतली आणि साडेचारला चहाला गेली. ही थांबली. आमचे लॅब असिस्टंट काका किल्ली घेऊन दारात उभे. ती म्हणाली, "काका, अर्धा तास." काका माझ्याकडं बघायला लागले, मी मान हलवली.

पहिल्या दिवशी तिनं ट्रान्झिस्टर बदलला. बीसी ५४७ चे चार नग लावून बघितले. दुसऱ्या दिवशी एमिटरचा कपॅसिटर बदलला, मग सगळं सर्किट नव्या ब्रेडबोर्डवर उचलून पुन्हा लावलं. गेन पाचच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं सीआरओचा प्रोब हातात घेऊन फिरवला, आणि त्याच्या मुठीवरची ती नखाएवढी सरकपट्टी तिला दिसली. दहा-एक्सवर होती. म्हणजे सीआरओला सिग्नलचा दहावा भागच जात होता. पट्टी एक-एक्सवर सरकवली आणि लाट पडदाभर उभी राहिली. मला ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. सांगितलं नाही. तिनं जर्नलात निष्कर्षाखाली पेननं एक ओळ जास्तीची लिहिली: "आधी प्रोब बघावा." असा निष्कर्ष मॅन्युअलमध्ये नसतो. मी सही केली.

आमच्यासारख्या कॉलेजात एका गोष्टीची रेलचेल असते. साडेचारनंतर लॅब रिकामी असते. सीआरओ तीनच, पण त्या वेळी तिन्ही तुझे. मोठ्या कॉलेजात चांगल्या उपकरणावर हात मारायला एमटेकवाल्यांच्या मागं रांगेत उभं राहावं लागतं, हे मला तिथं शिकवणाऱ्या मैत्रिणीनंच सांगितलंय. आमच्याकडं कुणी मागतच नाही. एचओडींच्या नावे अर्ज लिही, लॅबच्या काकांशी चांगलं वाग, आणि जाताना टेबल आवरून जा. काकांची मर्जी ही आमच्या कॉलेजातली सगळ्यात मोठी स्कॉलरशिप आहे.

तीच मुलगी पुढं आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाच्या इंटर्नशिपला लागली. तिथं एक स्क्रीनिंग टास्क देतात, तो करून पाठवायचा, आणि काम बघून निवड होते. तिनं ईसिमवर सर्किट सिम्युलेशन केलं. ईसिम ईअँडटीसीवाल्यांसाठी, केमिकलवाल्यांना डीडब्ल्यूसिम, सिव्हिलवाल्यांना स्टील डिझाइनचं ऑसडॅग. हे सगळं मोफत उतरवून घेता येतं, साध्या लॅपटॉपवरही शिकायला सुरुवात होते. इंटर्नशिपचं प्रमाणपत्र तिनं कुठं ठेवलंय कुणास ठाऊक. पण तिथल्या मेंटॉरनं तिच्या कामातल्या अकरा चुका ओळीनं लिहून पाठवलेली मेल तिनं मला मोबाइलवर उघडून दाखवली होती, मार्कलिस्ट दाखवावी तशी. तोवर तिच्या कामात अकरा चुका काढायला कुणी बसलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

सीनियरचं सांगते. प्रत्येक टीपीओकडं एक एक्सेलची फाइल असते: कोण कुठल्या कंपनीत, कुठल्या गावात. ती फाइल मागायला फर्स्ट इयरचं पोरगं कधी आलेलं नाही. चौथ्या वर्षाला येतात, तेही "मॅडम, रेफरन्स द्या ना" म्हणत. तू आधी ये, आणि नोकरी मागू नकोस, प्रश्न विचार. "सर नमस्कार, मी आपल्या कॉलेजात सेकंड इयरला आहे. तुम्ही एम्बेडेडमध्ये काम करता असं मॅडमनी सांगितलं. आम्हाला ८०५१ मायक्रोकंट्रोलर शिकवतात. पुढं एआरएमचा कुठला बोर्ड घेऊन सुरुवात करू? रविवारी दहा मिनिटं बोलता येईल का?" एवढंच. दहापैकी सहा जण उत्तर देत नाहीत. उरलेले चौघं मात्र रविवारी तासभर बोलतात, कारण त्यांनाही त्यांच्या वेळी हे सांगायला कुणी नव्हतं.

कंपन्यांच्या बाबतीत गोड बोलण्यात अर्थ नाही. मोठ्या कॉलेजात येणाऱ्या काही कंपन्या आमच्या गेटापर्यंत कधीच येणार नाहीत. मी फोन करून थकलेय. जे येतात ते पूल कॅम्पसला (अनेक कॉलेजांची एकत्र भरती), आणि त्यांची चाळणी ठरलेली: दहावी, बारावी, इंजिनिअरिंगला साठ टक्के आणि लाइव्ह बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, नको. रुसव्यातला तो एम-वन इथं आडवा येतो. टीसीएसच्या एनक्यूटीसारख्या भरतीच्या परीक्षा मात्र कुठल्याही कॉलेजातून देता येतात, आणि एकाच परीक्षेतून निंजा, डिजिटल, प्राइम असे वेगवेगळ्या पगाराचे दर्जे ठरतात. आमच्याकडची बहुतेक मुलं निंजावर समाधान मानतात. फरक अ‍ॅप्टीचा नसतो, कोडिंगचे प्रश्न सोडून देण्याचा असतो. ईअँडटीसीवाला म्हणून सॉफ्टवेअरची दारं बंद होत नाहीत, पण डेटा स्ट्रक्चर कुणी वर्गात शिकवणार नाही. कॉलेजात कॉम्प्युटरचं मायनर (जोडविषय) घेता येतं का ते सेकंड इयरच्या आधी चौकशी करून ठेव. ब्रँच बदलून मिळते का तेही, पहिल्या वर्षाच्या मार्कांवर आणि जागा रिकामी असली तर. (टीएफडब्ल्यूएसची, म्हणजे ट्यूशन फी माफीची, सीट असेल तर ब्रँच आणि कॉलेज दोन्ही बदलायचं विसर.)

आणि एमआयडीसीला नाक मुरडू नकोस. कोल्हापूरच्या शिरोलीत एका पॅनेलवाल्याकडं आमचा एक मुलगा दोन उन्हाळे वायरिंग करायला गेला. पहिल्या वर्षी फक्त लग क्रिंप करत होता, काळे हात घेऊन घरी यायचा आणि आई म्हणायची, यासाठी इंजिनिअरिंग का? दुसऱ्या वर्षी त्याला पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला, हात लावू दिला. पुढं चाकणच्या एका ऑटोमेशन कंपनीत मुलाखतीला त्यांनी विचारलं, मोटर ओव्हरलोडला ट्रिप झाली तर काय बघशील? बाकीचे व्याख्या सांगत होते. यानं कागद ओढून लॅडर, म्हणजे पीएलसीच्या प्रोग्रामची आकृती, काढली आणि वर म्हणाला, "आधी रिले सेटिंग बघेन, फाउंड्रीवाले स्वतःच वाढवून ठेवतात."

शेवटचा मार्ग गेटचा, म्हणजे एमटेकच्या प्रवेश परीक्षेचा, आणि तो तुझ्यासारख्यांसाठी सगळ्यात सरळ आहे. ६५ प्रश्न, १०० मार्क, तीन तास, स्कोअर तीन वर्षं चालतो. आयआयटीच्या एमटेकला बीटेक कुठल्या माळावर केलं याला मार्क नसतात. गेटवर प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो. काही सरकारी कंपन्याही याच स्कोअरवर बोलावतात. जतची ती मुलगी याच वाटेनं गेली, दुसऱ्या प्रयत्नात. पण चौथ्या वर्षी क्लास लावून गेट निघत नाही. सेकंड इयरचे नेटवर्क आणि सिग्नल्स ज्याचे पक्के त्याचं निघतं. थर्ड इयर संपेपर्यंत ठरव, आणि आवडत नसेल तर करूच नकोस. गेट देणं ही हल्ली नोकरी न लागल्याची सबब झालीय.

बाबांचं. ते तुझ्यावर रागावलेले नाहीत. "पोराचा नंबर कुठं लागला?" हा प्रश्न पारावर, दूध डेअरीत, लग्नात, दिवसातून चारदा त्यांना विचारला जातोय आणि त्यांच्याकडं उत्तर तयार नाही. त्यांना समजावत बसू नकोस, काम दे. तुझा प्रवेश कॅपमधून आहे आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत ट्यूशन फी निम्मी होते. तू ज्या प्रवर्गात येतोस त्याप्रमाणे याहून जास्त सवलतही असू शकते. धाकट्या बहिणीचंही आत्ताच लक्षात ठेवायला सांग: २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना याच उत्पन्न मर्यादेत ट्यूशन आणि परीक्षेची पूर्ण फी माफ आहे. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा फॉर्म, तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, बँक खात्याला आधार जोडलेलं आहे का, हे सगळं त्यांच्याकडं सोपव. मी प्रवेशाच्या हंगामात कितीतरी वडील बघितलेत. पहिल्या दिवशी ऑफिसच्या खिडकीशी मान खाली घालून उभे असतात, आणि तिसऱ्या खेपेला, फाइल छातीशी धरून, दुसऱ्या पोराच्या बापाला सांगत असतात की झेरॉक्स इथं नको, स्टँडसमोर स्वस्त पडते.

आणि अप-डाऊन. एसटीचा पास स्वस्त पडतो, घरचं जेवण मिळतं, सगळं खरं. पण आमच्या कॉलेजासमोरून तालुक्याकडं जाणारी सोयीची गाडी पाच वाजताची असते, आणि अप-डाऊनवाली मुलं पावणेपाचला दप्तर भरायला लागतात. तुझ्या गाडीची वेळ आधी स्टँडवर जाऊन विचारून घे. सातनंतरची गाडी रोज असेल तर घरी राहा. नसेल तर निदान पहिली दोन वर्षं हॉस्टेल घे, कॉलेजचं महाग वाटलं तर गावात तिघांत एक खोली बघ. सामान फार आणू नकोस. एक मल्टिमीटर मात्र स्वतःचा आण.